बारावीनंतर बीए एलएलबी: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी प्रवेशापासून सनदेपर्यंत

कोर्टनाका

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी तोच प्रश्न वर येतो. पाच वर्षांचं लॉ घ्यावं, की आधी बीए करून मग तीन वर्षांचं? उत्तरं दहा धाग्यांत विखुरलेली आहेत आणि त्यातली निम्मी आता शिळी झालीत. म्हणून हा नवा धागा. मी पायाभूत नियम लिहितो, जाणकारांनी भर घालावी. 'आमच्या बंटीला अमुक कॉलेजात काय अनुभव आला' हे कृपया इथे नको. नियम आणि व्यवहार तेवढा लिहा.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे दोन पदव्या आहेत तर तीन वर्षांनी एक घेऊन बाहेर पडता येईल. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतल्या नियम १३ नुसार मधल्या टप्प्यावर पदवी तोडून देता येत नाही. आधीच बीए झालंय म्हणून थेट तिसऱ्या वर्षात शिरताही येत नाही. पाच वर्षं, दहा सत्रं, आणि दोन्ही पदव्या शेवटी एकत्र. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या कॉलेजांत हा अभ्यासक्रम बी.एल.एस. एलएलबी या नावाने चालत आला आहे, त्यामुळे घरातले वडीलधारे 'तीन वर्षांनी काहीतरी मिळतंच' असं छातीठोकपणे सांगतात. त्यावर जाऊ नका. मध्येच सोडलं तर हातात काय पडेल ते कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत बघा. तिथे नसेल तर लेखी विचारा.

दुसरं, नियम ६. यूजीसीने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला मुभा दिली हे खरं. पण कायद्याच्या विद्यार्थ्याला बार कौन्सिलचा नियम लागतो, आणि तो दुसऱ्या नियमित अभ्यासक्रमाला नाही म्हणतो. सूट आहे ती भाषा किंवा संगणकाच्या अल्पमुदतीच्या अर्धवेळ प्रमाणपत्राला आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमाला. म्हणजे सकाळी लॉ आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात मानसशास्त्राचं नियमित बीए, हे चालणार नाही.

तिसरं, बारावीचे गुण. खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसीला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. शाखा कोणतीही चालते. ४४.९ ला ४५ धरत नाहीत, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

हजेरीचं स्वतंत्रपणे लिहितो, ते प्रकरण मोठं आहे.

पारसिक

धागा छान. एक भर: कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता आहे का, आणि ती *कोणत्या वर्षापर्यंत* आहे, हे बार कौन्सिलच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः बघा. गेटवरच्या पाटीवर 'मान्यताप्राप्त' लिहिलेलं असतंच. मान्यता मुदतीची असते आणि नूतनीकरण रखडलं तर त्याचा फटका थेट सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, अर्जाला बसतो. विद्यापीठाची संलग्नता ही वेगळी गोष्ट, दोन्ही लागतात.

रबाळे_रोड

भाची कळव्याला राहते, बारावी कला शाखेतून झाली आहे. राज्याची प्रवेश परीक्षा सीईटी द्यायची, की राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट? एकाच तयारीत दोन्ही होतात असं क्लासवाले म्हणतात.

पर्याय_अर्ज

@रबाळे_रोड, क्लासवाल्यांचं ते म्हणणं अर्धं खरं आहे. दोन्ही परीक्षांना आता १२० प्रश्न आणि दोन तास. साम्य तिथेच संपतं.

क्लॅट डिसेंबरमध्ये होते, म्हणजे बारावी चालू असतानाच. सगळे प्रश्न उताऱ्यांवर, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. वाचनाचा वेग आणि दम ज्याच्याकडे आहे त्याची ही परीक्षा. मुंबईचं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ पवईला आहे, तिथे जायचं तर क्लॅटच.

राज्याची सीईटी बारावीच्या बोर्डानंतर. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी वाटणी अशी: कायद्याचा कल आणि तर्क ३२, तार्किक व विश्लेषणात्मक क्षमता ३२, सामान्यज्ञान व चालू घडामोडी २४, इंग्रजी २४, गणित ८. आधी पेपर १५० चा होता, त्यामुळे जुने सराव संच घेऊन वेळ लावला तर अंदाज चुकतो. वजा गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे शुद्ध नुकसान. शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा आणि उरलेल्यांवर काहीतरी टिचकी मारा.

तयारीतला फरक: क्लॅटला नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो परिस्थितीला लावायचा. सीईटीला घटनेची कलमं, लॅटिन संज्ञा, करार आणि अपकृत्याची मूलतत्त्वं आधीच माहीत असावी लागतात. डिसेंबरपर्यंत उतारे, जानेवारीनंतर थोडं पाठांतर, असा क्रम लावला तर दोन्ही जमतात. उलट क्रमाने नाही. गणिताच्या ८ गुणांसाठी महिनाभर घालवणारे बरेच दिसतात. त्या वेळात तर्काचे ३२ पक्के होतात.

आता कॅप, म्हणजे सीईटीनंतरची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. नोंदणी, कागद अपलोड, छाननी, गुणवत्ता यादी, हरकती, मग पसंतीक्रम आणि फेऱ्या. दोन चुका नेहमीच्या.

एक, पसंतीक्रम 'मिळेल त्या' हिशेबाने लावणं. वाटप गुणवत्तेप्रमाणे होतं. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालचं हातचं जात नाही. पण सोपं वर टाकलं आणि तेच मिळालं, तर पुढच्या फेरीत चांगल्याची आशा धरण्यात अर्थ नाही. खरोखर जिथे शिकायचंय त्या क्रमाने लावा.

दोन, कागद. नॉन क्रीमी लेअर चालू वर्षाचं हवं, म्हणजे येत्या ३१ मार्चपर्यंत वैध. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा, दाखला ज्या जिल्ह्यातला त्या जिल्ह्याच्या समितीकडे. खारघर, कामोठे, पनवेलवाल्यांनी लक्षात ठेवा, तुमचा जिल्हा रायगड आहे. नवी मुंबईत राहतो म्हणून ठाण्याच्या खिडकीवर रांग लावलीत तर परत पाठवतील. ईडब्ल्यूएसचा दाखला राज्याच्या नमुन्यात. आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला यांतलं एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर छाननीत त्रुटी निघते. दुरुस्ती त्रुटीच्या मुदतीतच करायची, नंतर कोणी ऐकत नाही.

गावदेवी_मैदान

मुलींच्या फीमाफीचं कोणीतरी लिहा. त्याबद्दल फार गोंधळ आहे.

पर्याय_अर्ज

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुली, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्काचा पूर्ण परतावा. अट अशी की प्रवेश *कॅपमधूनच* हवा. व्यवस्थापन कोटा नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही नाहीत.

इथेच लोक फसतात. दुसऱ्या फेरीत लांबचं कॉलेज मिळालं म्हणून कॅप सोडतात, घराजवळ व्यवस्थापनाच्या जागेवर प्रवेश घेतात आणि मग महाडीबीटीवर (शिष्यवृत्ती-परताव्याच्या सरकारी पोर्टलवर) अर्ज भरायला बसतात. तिथे अर्ज पुढे सरकत नाही. पाच वर्षांच्या फीचा हिशेब आधी करा, लोकलच्या पासाचा नंतर. विनाअनुदानित कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. कॉलेज त्याहून जास्त मागत असेल तर पावतीवर शीर्षक काय लिहितात ते नीट बघा.

तलावपाळी

थोडा विरोधी सूर लावतो. ज्याला खरोखर लिबरल आर्ट्स शिकायचंय त्याने पाच वर्षांच्या वाटेला का जावं? लॉ कॉलेजात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तर्कशास्त्र हे सगळं पहिल्या दोन-तीन वर्षांत उरकलेलं असतं. एकेका विषयाचे मोजके पेपर, एकच प्राध्यापक दोन-दोन विषय ओढतायत, आणि विद्यार्थी 'हे एकदा संपू दे, मग खरं लॉ सुरू होईल' म्हणत बसलेले. त्यापेक्षा चांगल्या कला महाविद्यालयात तीन वर्षं तत्त्वज्ञान किंवा राज्यशास्त्र मनापासून करा आणि मग तीन वर्षांचं एलएलबी. सहा वर्षं होतात, एक जास्त. पण तीन वर्षांनी पदवी हातात असते, लॉ जमणार नाही असं वाटलं तर एमए, यूपीएससी, बीएड, सगळं मोकळं.

कोर्टनाका

मुद्दा बिनतोड आहे, पण दोन गोष्टी धरा. तीन वर्षांच्या एलएलबीला पुन्हा सीईटी आणि पुन्हा कॅप. शिवाय तिथे निम्मा वर्ग नोकरी करणारा असतो, त्यामुळे मूट (सरावाचं अभिरूप न्यायालय), वादविवाद, संशोधन यांना वेळ देणारं वातावरण क्वचित मिळतं. पाच वर्षांच्या वर्गाला ते आपोआप मिळतं.

ज्याचं कायद्याबद्दल अजून ठरलेलं नाही त्याने तुमचाच मार्ग धरावा, हे मात्र मान्य. सतराव्या वर्षी नक्की काय ठरलेलं असतं म्हणा.

साडेबारा_टक्के

तलावपाळी म्हणतात ती अवस्था खरी आहे, पण ती विषयांची चूक नाही. कला विषयांचा प्रकल्प कसा निवडायचा हे कोणी सांगत नाही, म्हणून मुलं 'भारतातील दारिद्र्य: कारणे व उपाय' असले पंचवीस पानी निबंध उतरवून देतात. आपल्या पायाखाली इतकं सामान पडलेलं असताना!

एक विषय उलगडून दाखवतो. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ म्हणजे सिडको, त्याची स्थापना मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या गावांची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आता हाच धागा चार विषयांत कसा जातो बघा.

इतिहासाला: आंदोलनाचा कालक्रम, वर्तमानपत्रांची कात्रणं, विधानसभेतली चर्चा. अर्थशास्त्राला: संपादनाच्या वेळचा दर आणि त्याच भागातल्या भूखंडाची आजची किंमत, यातली वाढ कोणाकडे गेली. समाजशास्त्राला: आगरी-कोळी गावांत शेती, मिठागरं आणि मासेमारी सुटल्यावर कुटुंबात जमीन-वाटणीचं काय झालं, बहिणींची हक्कसोडपत्रं कधी आणि का झाली. कायद्याला: जुन्या कायद्याच्या कलम १८ खाली वाढीव मोबदल्याचे संदर्भ अर्ज, आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनाची जी अट घातली ती तेव्हा असती तर काय बदललं असतं.

कागद कुठून आणायचे? सातबारा आणि फेरफार महाभूमीवर. सिडकोकडून माहिती हवी तर माहिती अधिकाराचा अर्ज: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा. 'साडेबारा टक्के योजनेची सर्व माहिती द्या' असा अर्ज केलात तर 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' एवढंच उत्तर येईल. एक गाव, एक कालावधी, एक कागदाचा प्रकार, एवढंच मागा. सत्र अठरा आठवड्यांचं असतं, त्यात अर्ज, ३० दिवस, आणि गरज पडल्यास पहिलं अपील एवढं बसवायचं तर अर्ज पहिल्या पंधरवड्यात गेला पाहिजे.

असा प्रकल्प केलेल्या मुलाला चौथ्या वर्षी मालमत्ता कायदा शिकवावा लागत नाही, नुसता आठवून द्यावा लागतो.

गावदेवी_मैदान

हे फारच उपयोगी. ठाणे शहरासाठी असं काही?

साडेबारा_टक्के

धोकादायक इमारती आणि समूह पुनर्विकास घ्या. राबोडी, वागळे, किसननगर डोळ्यांसमोर आहेत. सोबत १९८५ चा ओल्गा टेलिस निकाल वाचा, मुंबईच्या पदपथवासीयांचा. उपजीविकेचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये येतो असं न्यायालयाने मान्य केलं, तरी पदपथ रिकामे करायला पूर्ण मज्जाव केला नाही. तो निकाल शहरी स्थलांतराचं अर्थशास्त्र माहीत असताना वाचा आणि नसताना वाचा, फरक कळेल.

कोर्टनाका

हजेरी, सांगितल्याप्रमाणे.

नियम १२. *प्रत्येक विषयात* ७० टक्के, आणि त्यात मूट, ट्यूटोरियल, प्रात्यक्षिकंही धरतात. अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य ६५ टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतात, पण तेव्हा सगळ्या विषयांची मिळून हजेरी ७० हवी. विषयाचे ६० तास झाले तर ४२ ला बसायलाच हवं, चुकवायला १८ मिळतात. सवलतीत २१. बारा दिवस गावी, सहा दिवस ताप, आणि वर महोत्सवाच्या समितीत काम, की संपले.

मुलं सरासरी बघून निर्धास्त राहतात. एकूण ७४ टक्के, पण सकाळी पहिल्या तासाला असलेल्या समाजशास्त्रात ५८. अडकतात तिथे. ट्रान्स हार्बरची ठराविक गाडी चुकली की पहिला तास गेला, हे डोंबिवली-वाशी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. वेळापत्रक हातात आल्यावर पहिल्या तासाला कोणता विषय किती वेळा आहे ते आधी मोजा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हजेरीअभावी कायद्याच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपासून रोखण्याविरुद्ध निकाल दिला, तो व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. त्याच्या भरवशावर इथल्या प्राचार्यांशी वाद घालायला जाऊ नका. वैद्यकीय प्रमाणपत्र आजारपणानंतर आठवड्याच्या आत द्या. सत्राच्या शेवटी एकगठ्ठा दिलेली प्रमाणपत्रं बघून कोणत्याही कार्यालयाच्या भुवया उंचावतातच.

निशाणी_पाच

कोर्टाच्या भेटींबद्दल लिहितो, कारण तिथे जर्नल नुसतं कॉपी होतं.

चार प्रात्यक्षिक पेपरांपैकी एकाची गुणविभागणी अशी: मूट ३० (वर्षात तीन, प्रत्येकी १०), दोन खटल्यांचं निरीक्षण ३०, पक्षकाराची मुलाखत आणि इंटर्नशिपची डायरी ३०, तोंडी १०. दोन खटले म्हणजे एक दिवाणी, एक फौजदारी, आणि *वेगवेगळ्या दिवसांचे टप्पे* नोंदवायचे. एका दिवसात ठाणे कोर्टाची चक्कर मारून दोन्ही भरता येत नाहीत. भरले तर तोंडीला पहिल्याच प्रश्नात उघडे पडता.

खटला कसा निवडायचा: ई-कोर्ट्स ॲपवर न्यायालयाचा रोजचा बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) दिसतो. ज्या प्रकरणाचा टप्पा 'पुरावा' आहे ते घ्या. 'हजर होण्यासाठी', 'समन्स', 'म्हणणे' या टप्प्यांवर तीन महिने नुसत्या तारखा बघाल. निवडलेल्या प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टिपून ठेवा. पुढची तारीख तिथेच कळते, शिपायाला विचारत फिरावं लागत नाही. पोक्सो आणि कौटुंबिक प्रकरणं टाळा, तिथे बंद दाराआड काम चालतं आणि बाहेर काढतील.

दिवाणीत मनाईचा दावा घ्या. निशाणी म्हणजे प्रकरणातल्या कागदाला दिलेला क्रमांक: निशाणी १ वर दावा, निशाणी ५ वर तात्पुरत्या मनाईचा अर्ज. इथले वकील 'पाचचा अर्ज' म्हणतात तो हाच. प्रतिवादीने कैफियत (लेखी उत्तर) ३० दिवसांत द्यायची, न्यायालय ती ९० पर्यंत वाढवू शकतं. रोजनाम्यात त्या दिवशी काय झालं ते दोन-तीन ओळींत लिहिलेलं असतं. तुमची नोंद आणि रोजनामा ताडून बघा, ऐकण्यात काय सुटलं ते कळतं.

फौजदारीत एकाच साक्षीदाराची सरतपासणी आणि उलटतपासणी पूर्ण ऐका. जर्नलमध्ये पुढचे तीन रकाने करा: प्रश्न, उत्तर, आणि हा प्रश्न कशासाठी विचारला असेल. तिसरा रकाना हाच खरा अभ्यास, पहिल्या दोनमध्ये नुसती हमाली.

भाषेची तयारी ठेवा. जुलै १९९८ च्या अधिसूचनेपासून जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. पंचनामा, जबाब, पुरसिस, मुदतीचा अर्ज, सगळं मराठीत. शिकता इंग्रजीत आणि पहिल्या इंटर्नशिपला मोडी वाटावी अशा अक्षरातला पंचनामा हातात येतो. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ असू द्या.

रबाळे_रोड

इंटर्नशिप किती आणि कधीपासून? पहिल्या वर्षाला कोणी उभं करतं का?

निशाणी_पाच

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे, आणि सलग चारपेक्षा जास्त धरत नाहीत. दरवर्षी उन्हाळ्यात चार केले की बरोबर २० होतात. एक वर्ष सोडलं तर पुढच्या वर्षी दोन वेगळे तुकडे करावे लागतात, आणि दिवाळीची सुट्टी त्यासाठी पुरत नाही. चौथ्या वर्षी एकदम बारा आठवडे मोठ्या फर्ममध्ये काढायचा बेत त्यामुळे बारगळतो. निदान एकदा खालच्या आणि वरच्या न्यायालयातल्या वकिलांकडे काम झालेलंच हवं.

पहिल्या वर्षी वकील ऑफिसात नुसत्या फायली लावाल. त्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, ठाणे कोर्टातच आहे. लोकअदालतीच्या आधीच्या दिवसांत तिथे हातांची गरज असते आणि मोफत विधी साहाय्याचे अर्ज कसे भरतात ते कळतं. दुसऱ्या वर्षी ठाणे, बेलापूर किंवा पनवेलच्या न्यायालयात दिवाणी वकिलाकडे. तिसऱ्यापासून उच्च न्यायालय, फर्म, कंपनी, जे आवडेल ते.

प्रमाणपत्रावर दोन्ही तारखा, कामाचं स्वरूप आणि वकिलाचा सनद क्रमांक हवा. 'यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले' एवढ्यावर कॉलेज परत पाठवतं. डायरी रोजच्या रोज लिहा.

पारसिक

पुस्तकांचं: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. रस्त्यावरची जुनी भादंविची पुस्तकं शंभर रुपयांत मिळतायत म्हणून उचलू नका, आता परीक्षेला नवीन कलमं. पण जुनी पूर्ण विसरूनही चालत नाही, त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना भादंविच लागते. कोर्टात बसलात की दोन्ही आकडे कानावर पडतात. शेवटच्या पानावर छोटा तक्ता करून ठेवा: खून ३०२ चं १०३, फसवणूक ४२० चं ३१८, एफआयआर १५४ चं १७३, अटकपूर्व जामीन ४३८ चं ४८२, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५ब चं ६३.

मूळ कायद्याची प्रत विकत घ्या, गाइड नंतर. निकाल वाचायला सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर फुकट आहे. केशवानंद भारतीचा अख्खा निकाल पहिल्या वर्षी वाचायला घेऊ नका, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, शेकडो पानं. एका न्यायाधीशाचं मत घ्या, त्यातून वस्तुस्थिती, वादाचा मुद्दा, निर्णय आणि त्यामागचं तत्त्व एका पानात काढा. राज्यशास्त्राच्या वर्गात घटना समितीतल्या चर्चा वाचत असाल तर त्यातली मालमत्तेच्या हक्कावरची चर्चा सोबत ठेवा.

तलावपाळी

आणि शेवटी सनद, न्यायाधीशपद वगैरे? बरेच पालक 'पाच वर्षांनी लगेच जज' समजून मुलांना घालतात.

कोर्टनाका

ते आता नाही. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, न्यायाधीशाकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरतात. अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला मुलगा सव्विसाव्या वर्षी एमपीएससीच्या त्या परीक्षेला पात्र. म्हणून निकाल लागला की नोंदणी लांबवू नका, 'आधी एलएलएम करू' म्हणत दोन वर्षं गेली तर ती मोजणीत येत नाहीत.

नोंदणी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे. ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर नोंदणी शुल्क खुल्या गटाला एकूण ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५, त्याहून जास्त घेता येत नाही. मुद्रांक आणि प्रतिज्ञापत्रांचा खर्च वेगळा. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा: १०० प्रश्न, खुल्या आणि ओबीसी गटाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. टिपणं नसलेली मूळ कायद्याची पुस्तकं नेता येतात. पेन्सिलीने समासात काही लिहिलेलं असेल तर दारावरच काढून घेतात, तेव्हा वर्गात वापरलेली प्रत नेऊ नका, कोरी न्या.

रबाळे_रोड

सगळ्यांचे आभार. भाची सीईटीच देतेय, क्लॅट पुढच्या डिसेंबरला जमलं तर. तिचा एक प्रश्न: पहिल्या वर्षापासून काळा कोट शिवायचा का?

निशाणी_पाच

बार कौन्सिलच्या नियमांत इंटर्नशिपसाठी पोशाख दिला आहे: पांढरी किंवा काळी पॅन्ट, पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट, काळे बूट. मुलींना त्याच रंगांतला पारंपरिक पोशाख चालतो. पहिल्या मूटला लागेलच, तेव्हा सत्राच्या मध्यावर शिवून घ्या. पातळ कापडाचा घ्या, मे महिन्यात ठाणे कोर्टाच्या व्हरांड्यात जाड कोट अंगावर ठेवणं अशक्य आहे. गळ्यातला पांढरा बँड आणि गाऊन मात्र नाही, ते सनदेनंतर.

पर्याय_अर्ज

आणि टेलरला आतला खिसा मोठा सांगा, त्यात कोर्टाचा बोर्ड घडी करून मावला पाहिजे. @रबाळे_रोड, भाचीचं नॉन क्रीमी लेअर लागणार असेल तर आधी ते काढा, कोट थांबेल.